आवाजांचे दफ्तर

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



अशा मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की निकालाची टक्केवारी, मोबाइलचे दुष्परिणाम आणि घरी अभ्यास घेण्याची पालकांना विनंती हे तीन विषय ठरलेले असतात. ते तिन्ही मुख्याध्यापकांनी आताच उत्तम रीतीने मांडले असल्यामुळे माझे काम हलके झाले आहे. मी आपणांस एका दफ्तराची हकीकत सांगणार आहे. दफ्तर म्हणजे पाठीवरचे नव्हे. आपण पेशवे दफ्तर म्हणतो, त्या अर्थाचे दफ्तर. फरक इतकाच की पेशवे दफ्तरात कागदांचे रुमाल आहेत, आणि या दफ्तरात आहेत खेड्यापाड्यांतील बायांच्या ओव्या आणि त्यांचे आवाज.

या वर्षी नववीच्या मुला-मुलींना घेऊन आम्ही या दफ्तराला भेट दिली. त्यासाठी एस.टी. ठरवावी लागली नाही आणि पालकांकडून सहलीची वर्गणीही घ्यावी लागली नाही. शाळेच्या संगणक-खोलीतच आम्ही सहा तास, सहा शनिवारी, त्यात हिंडलो. कारण हे दफ्तर आता कोणत्याही एका इमारतीत राहिलेले नाही. ते तसे का झाले, हाच माझ्या हकीकतीचा पहिला भाग.

पुण्यामध्ये हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या नावाचे दोन अभ्यासू कार्यकर्ते होते. गी जन्माने फ्रेंच. पुढे ते इथलेच झाले, भारताचे नागरिकत्व त्यांनी घेतले. मुळशी तालुक्याच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त त्यांचा वावर असे. १९८० नंतरच्या त्या दशकात त्यांच्या ध्यानात आले की सभेत चार वाक्ये बोलायला न धजणारी बाई जात्यावर बसली की मनातले सगळे बोलून जाते. सासर, माहेर, भाऊ, लेक, नवऱ्याचा मार, विठ्ठल, सीतेचा वनवास, पाऊसपाणी, सगळे. ओव्यांचा संग्रह तेथून सुरू झाला. संघटनेच्या कामात असलेल्या खेड्यातल्या बायाच पुढे गावोगाव जाऊन ओव्या गोळा करू लागल्या, ही गोष्ट मला विशेष नमूद करावीशी वाटते. शहरातून कोणी मोठा साहेब वही घेऊन आला असता तर त्याला किती ओव्या मिळाल्या असत्या, याचा अंदाज आपण करू शकता.

पाहता पाहता एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बाया. हे सारे आधी वह्यांत, हाताने लिहिलेले. मग ते विषयवार लावणे आले, त्याला क्रमांक देणे आले, आणि संगणकावर टंकून घेणे आले. १९९६ च्या सुमारास बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार या कामात आले आणि ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्या काळी उत्तम समजल्या जाणाऱ्या डिजिटल टेपवर शंभराहून अधिक तासांचे मुद्रण झाले.

इथे मी मुलांना एक साधे गणित घातले. एक ओवी गायला अर्धे मिनिट धरा. लाख ओव्यांना किती तास लागतील? उत्तर आठशे तेहेतीस तास. मुद्रण आहे शे-सव्वाशे तासांचे. म्हणजे बहुतेक ओव्यांचा आवाज आपल्याकडे नाही, फक्त अक्षर आहे. एका मुलीने विचारले, “सर, मग बाकीच्या बायांचा आवाज कुठे गेला?” या प्रश्नाला उत्तर नसते. पण प्रश्न वहीत लिहून घ्यावा असा होता, आणि तो मी लिहून घेतला.

आता टेपचे पाहा. डिजिटल टेप म्हणजे आधुनिकतेची कमाल, असे ती आली तेव्हा वाटत होते. २००५ साली सोनी कंपनीने ती वाजवण्याची यंत्रे बनवणेच बंद केले. टेप शाबूत राहील, पण वाजवायला यंत्र मिळणार नाही, अशी वेळ अनेक संग्रहांवर आली. मराठी अक्षरांचेही तसेच. युनिकोड रूढ होण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या निराळ्या टंकात मराठी टंकलेले असे. तो टंक ज्या संगणकावर नाही त्यावर मजकुराच्या जागी नुसती खुणांची रांगोळी दिसे. आपल्यापैकी ज्यांनी लग्नपत्रिका छापखान्यात टंकून घेतल्या आहेत त्यांना हा अनुभव असेल. म्हणून जुने दफ्तर आधुनिक करणे हे काम एकदा करून मोकळे होण्यातले नव्हे. घर शाकारण्यासारखे ते आहे. दर काही पावसाळ्यांनी पुन्हा वर चढावे लागते.

या ओव्यांचे मुद्रण पुढे हरियाणात गुरगावच्या संगीत-संग्रहात ठेवले गेले, नंतर फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस या शहरातील भाषा-भांडारात त्याची प्रत गेली. मुळशीच्या डोंगरातली बाई फ्रान्समध्ये जाऊन पोचली! गी पॉइटवाँ २००४ मध्ये निवर्तले. हेमाताईही आज हयात नाहीत. पण प्रती अनेक ठिकाणी होत्या म्हणून काम बुडाले नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने, म्हणजे ‘परी’ने, हे दफ्तर आपल्याकडे घेतले आणि २०१७ पासून त्यातल्या ओव्या सर्वांना ऐकता येतील अशा रीतीने प्रसिद्ध होऊ लागल्या.

‘परी’च्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला वाटते ती यंत्रांपेक्षा मोठी आहे. ते पुन्हा त्या बायांकडे गेले. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या मुद्रित झाल्या होत्या. एकवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, मंडळी परत त्या वस्तीत गेली. दफ्तर झाडायचे म्हणजे फक्त टेपवरची धूळ झाडायची असे नाही. ज्याचा आवाज घेतला त्याच्या दारात परत जाऊन ‘बाई, तुमचे हे आमच्याकडे आहे’ असे सांगायचे.

मुलांना सर्वांत नवल कशाचे वाटले म्हणाल, तर ओवीखालच्या नोंदीचे. गाणारीचे नाव. गाव, वाडी, तालुका, जिल्हा. जात. वय. मुले किती. शिक्षण. व्यवसाय. मुद्रणाची तारीख. ‘शिक्षण नाही’ असे जिथे लिहिले आहे तिथेच वर तिचे नाव मोठ्या अक्षरात आहे. आपल्याकडे ‘शिक्षण नाही’ हे शब्द कुठे लिहिले जातात? अंगठ्याच्या ठशाशेजारी. एका दफ्तरात ते कवितेच्या खाली लिहिलेले मुले प्रथमच पाहत होती.

आता काही पालक मनात म्हणत असतील, की हे सर्व ठीक आहे, पण ओव्या म्हणजे विठोबा-रखुमाईच्या, आपला त्यात काय संबंध? त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, ओवी हा छंद कोणा एकाच्या मालकीचा नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा आपला ग्रंथ ओवीतच लिहिला आहे. दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची. दख्खनमध्ये, विशेषतः विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत, ‘चक्कीनामा’ नावाचा एक रचनाप्रकारच होता. चक्की म्हणजे जाते. दळणाऱ्या बाईने दळता दळता म्हणावयाची दख्खनी भाषेतली रचना. जात्याच्या खुंट्याला अलिफ या अक्षराची उपमा द्यायची, फिरणाऱ्या दगडाच्या निमित्ताने अल्लाहच्या जिक्राची शिकवण द्यायची, अशी त्याची रीत. तसाच सूत काततानाचा ‘चरखानामा’. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७८ सालच्या विजापूरच्या सूफींवरील आपल्या ग्रंथात त्यांची दखल घेतली, आणि दख्खनच्या घराघरांत इस्लामची शिकवण पोचण्यात या जात्यावरच्या गाण्यांचा मोठा हात होता असे प्रतिपादन केले. म्हणजे मोठमोठ्या ग्रंथांच्या आधी चुलीपाशी आणि जात्यापाशी जे बोलले गेले त्यातून आपल्या कित्येक घरांत दीन पोचला.

परंतु एक फरक पाहा. चक्कीनाम्यांची हस्तलिखिते हैदराबादच्या ग्रंथसंग्रहांत आहेत, आणि त्यांवर रचणाऱ्या बुजुर्गांची नावे आहेत. तीनशे वर्षे पहाटे उठून ज्या बायांनी ते म्हटले, त्यांत आपल्या पदरचे चार शब्द घातले असतील, त्यांच्यापैकी एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही. कोणी विचारलेच नाही. मुळशीच्या बाईचे नाव आज राहिले आहे, कारण तिला कोणीतरी ‘तुमचे नाव काय, गाव कोणते’ असे विचारले आणि लिहून घेतले. यंत्र, टेप, संगणक हे सर्व त्या एका प्रश्नाच्या नंतरचे.

म्हणून भेटीनंतर आम्ही नववीला घरचा अभ्यास दिला. आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईची मुलाखत घ्या. दादी, नानी, जी असेल ती.

पहिल्या आठवड्यात ज्या वह्या आल्या त्या सांगण्यासारख्या नव्हत्या. ‘नाव अमुक. वय अंदाजे ऐंशी. शिक्षण नाही. बालपण गरिबीत गेले. पूर्वीचे लोक चांगले होते.’ खलास. चाळीस वह्यांत जवळजवळ हीच पाच वाक्ये. मुले म्हणाली, “सर, दादी म्हणते माझे काय लिहायचे, मी काही शिकलेली नाही.” दादीचा यात दोष नाही. ‘तुमचे बालपण कसे होते’ असे विचारले तर कलेक्टरसुद्धा ‘चांगले होते’ एवढेच सांगतील. तेव्हा आम्ही प्रश्न बदलले. पाणी कुठून आणत होता? पहाटे किती वाजता उठत होता, आणि घरात घड्याळ होते काय? जाते कोणत्या खोलीत होते? आता ते कुठे आहे? तांदूळ दळायला सोपा की नाचणी? गावात पिठाची गिरणी कधी आली? पहिल्यांदा गिरणीचे पीठ आणले तेव्हा भाकरी कशी लागली?

दुसऱ्या आठवड्यात वह्या फुगून आल्या! जाते कुठे आहे याचे उत्तर बहुतेक घरांत एकच निघाले: मागच्या दारी पायरी म्हणून बसवले आहे. गिरणीच्या पिठाची भाकरी पहिल्या दिवशी सासऱ्यांनी खाल्ली नाही, असे एकीने लिहून आणले. गिरणी आली आणि मनगट सुटले, फार बरे झाले, असेही तिघीचौघींनी सांगितले. हे मी मुद्दाम सांगतो. जुन्या काळाचे गोडवे गाण्याची आपल्याला सवय आहे. ज्यांनी तो काळ हातांनी ओढला त्यांचे मत निराळे असू शकते, आणि ते जसे आहे तसे लिहिले पाहिजे. गिरणीने गाणे संपवले हे खरे. गिरणीने तासन्‌तासांचे कष्टही संपवले हेही खरे.

तारखांचा घोटाळा मोठा होतो. वय विचारले तर माहीत नसते, सन विचारला तर त्याहून नाही. पण ‘रामदास बोट बुडाली तेव्हा मी कुराणचे पहिले सिपारे वाचत होते’ असे उत्तर येते. आता ही तारीख पक्की आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. या दोन खुंट्या ठोकल्या की मधली पुष्कळशी हकीकत तारखेवार लावता येते. रामदास बुडाली तेव्हा ज्या सहा-सात वर्षांच्या होत्या त्या आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. हिशेब मी सांगायला नको. अभ्यास दिला त्यानंतर सहामाहीच्या आत आमच्या यादीतील दोन नावे अल्लाहला प्यारी झाली. त्यांतील एकीची वही पुरी झाली होती, दुसरीची व्हायची होती.

भाषेविषयी थोडे बोलतो, कारण मी मराठीचा शिक्षक आहे. मुलांनी दादीचे बोलणे लिहिताना ते पुस्तकी करून आणले. मी सांगितले, नाही. ती जसे बोलली तसे लिहा, या वहीत लाल पेनाला काम नाही. आपल्या घरातील बोली ही उर्दूवाल्यांना मराठी वाटते आणि मराठीवाल्यांना उर्दू, त्यामुळे तिला दोन्हींकडे पाट मिळत नाही. मुलेही मग ती शाळेच्या दाराबाहेर ठेवून येतात. वास्तविक ग्रिअर्सनसाहेबांनी १९०५ साली निघालेल्या आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात संगमेश्वरी, बाणकोटी या कोकणच्या बोलींची नोंद घेतली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी साहेबाला जी बोली लिहून ठेवण्याजोगी वाटली, ती आपल्याला स्वतःच्या घरात लाजेची वाटावी हे मला पटत नाही. आपली मुले उत्तम प्रमाण मराठी लिहोत, इंग्रजी लिहोत, उर्दू लिहोत; दादीचे वाक्य मात्र दादीचेच राहो.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, आणि त्यावर काही पालक मला येऊन भेटले आहेत म्हणून तो उघडपणे बोलणे बरे. ‘आमच्या आईचा आवाज मोबाइलमध्ये घेणार, तो कुठेकुठे जाईल, हे आम्हांला पसंत नाही.’ ही शंका रास्त आहे. मोबाइलमधली वस्तू संध्याकाळपर्यंत कतार-कुवेतला पोचते, हे आपण रोज पाहतो. तेव्हा शाळेने ठरवले आहे की आवाज घेण्यापूर्वी त्या बाईला स्वतःला विचारायचे. मुलाला नव्हे, सुनेला नव्हे, तिला. ती नाही म्हणाली तर आवाज घ्यायचा नाही, हाताने लिहायचे. लाख ओव्यांतल्या बहुतेक हाताने लिहिलेल्याच आहेत, त्यामुळे आपले काही कमी होत नाही. ती हो म्हणाली आणि घरचे नाही म्हणाले, असेही दोन ठिकाणी झाले. तिथे आम्ही थांबलो आहोत. माझे वैयक्तिक मत असे की तिचे ‘हो’ हे तिचे आहे आणि त्याचा मान राहिला पाहिजे. पण हे मत मी शाळेच्या नावाने कोणावर लादणार नाही. आपण घरी बसून त्यावर बोलावे एवढीच विनंती.

एका दादींनी सांगितले, नाव लिहा, गाव लिहा, आवाज नको. त्यांनी हळदीची अकरा गाणी सांगितली. नात लिहीत होती आणि त्या मधेच थांबवून ‘हे चुकले, परत लिही’ म्हणत होत्या. ती अकरा गाणी आज वहीत आहेत. आवाजाच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले आहे, आणि त्यापुढे त्यांनी स्वतः सांगितल्यावरून, ‘नातीला पाठ आहेत’.

प्रत्येक वहीची एक प्रत ग्रंथालयात आणि दुसरी संस्थेच्या कार्यालयात राहील. दोन्ही एकाच कपाटात ठेवायच्या नाहीत, हा धडा आम्ही त्या दफ्तराकडूनच घेतला. ग्रंथालयातील वह्या दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास पालकांसाठी खुल्या असतील. आपल्या घरच्या वहीत काही राहिले असेल तर येऊन सांगावे, आम्ही शेजारच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहून घेऊ. पुढील सत्रात पुरुषमंडळींची पाळी आहे. ज्यांचे वडील वा आजोबा बोटीवर खलाशी होते आणि ज्यांच्याकडे त्यांचे जुने नोकरीचे पुस्तक असेल, त्यांनी ते फक्त पाहण्यापुरते आणावे. पुस्तक शाळेत ठेवून घेतले जाणार नाही. पाने टिपून झाली की त्याच दिवशी ते आपल्या हाती परत मिळेल.